कात्रीचं राहूनच गेलं

आता खरं सांगा, एखादी बातमी आपल्याला आधी कळली आणि शेजाऱ्याला नंतर, तर आपली मान जरा ताठ होते की नाही? होतेच! त्यात लाजण्यासारखं काही नाही, माणसाचा स्वभावच तो. पण चिकपेटेतल्या भगवंतरावांची मान त्या आठवड्यात जरा जास्तच ताठ झाली, आणि तिच्यापायी एका आईवर जी वेळ आली ती वैऱ्यावरही येऊ नये.

भगवंतराव म्हणजे कापडवाले. आजोबांच्या वडिलांपासून घराणं बंगळुरातलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. दुकान अरुंद, पण मालाने गच्च भरलेलं. पुढच्या गादीवर भगवंतराव, आणि मागच्या बाजूला शिलाई मशीनवर त्यांची थोरली विधवा बहीण विठाबाई. तिला सगळी पेठ अक्का म्हणायची. अक्काला कानाने जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे पुढे चालणाऱ्या गप्पांचा तिला त्रास नव्हता. भगवंतरावांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते कशाला आलंय हे आपण ओळखतो, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. बहुतेक वेळा खरंही निघायचं.

त्या आठवड्यात सगळ्या शहराच्या तोंडी एकच विषय होता, जुई. सात वर्षांची पोर. व्हाइटफील्डला राहणारे आईबाप सुट्टीला म्हणून तिला घेऊन कनकपुऱ्याच्या पलीकडे, नदीकाठच्या जंगलात तंबू टाकून राहायला गेले. तिथे ना मोबाइलला रेंज, ना जवळ वस्ती. रविवारी उजाडताना आई उठली, तर तंबूची चेन उघडी आणि अंथरूण रिकामं! पोलीस आले, वनखात्याची माणसं आली, गावकरी आले, ऑफिसातली पोरंपोरी गाड्या भरभरून शोधायला आली. जुई कुठेच सापडेना.

जंगलात शोध चालला होता तसाच पेठेतही चालला होता. इथे तर प्रत्येक पायरीवर एक फौजदार बसलेला! समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक नागराज त्यांचा म्होरक्या. हा मूळचा निपाणीकडचा, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोलणारा, आणि दोन्हीत सारखंच जास्त बोलणारा.

"अण्णा, मी सांगतो, बापाचंच काहीतरी लफडं असणार," तो चहाचा पेला हातात घेऊन म्हणायचा. "नाहीतर असल्या रानात लहान पोर घेऊन कोण जातं?"

"बिबट्याने नेली असेल रे," कोणीतरी म्हणायचं.

"अय्यो, बिबट्याने नेली तर रक्त नको दिसायला? आईचा फोटो बघितला का? डोळ्यांत पाणी नाही!"

मग कोणी नरबळीचं काढायचं, कोणी नवरा-बायकोच्या भांडणाचं. ज्याने ते जंगल नकाशातही पाहिलं नव्हतं तो वाटा सांगायचा. चहा संपायचा, तर्क संपायचे नाहीत. भगवंतराव ऐकायचे, मान डोलवायचे, पण त्यांच्याजवळ स्वतःचं असं सांगण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी ते मिळालं. नागराजच्या दुकानातल्या टीव्हीवर जुईची आई दाखवत होते. जंगलातल्या छावणीच्या फाटकाशी उभी, केस मागे घट्ट बांधलेले. शेजारी जुईचा फोटो, हरवली तेव्हा अंगात होता त्याच पोपटांच्या फ्रॉकातला. भगवंतरावांच्या हातातला चहा हिंदकळला.

"अरे! ही तर काल माझ्या दुकानात आली होती!"

नागराजने टीव्हीचा आवाज बंद केला. आजूबाजूचे चारसहा जण वळून भगवंतरावांकडे बघू लागले. खरं सांगायचं तर भगवंतरावांच्या साठ वर्षांच्या आयुष्यात एवढ्या माणसांनी त्यांच्याकडे एकदम असं कधी बघितलं नव्हतं.

ते खोटं बोलत नव्हते. सोमवारी भर दुपारी ती बाई खरंच आली होती. श्वेता तिचं नाव, नागपूरची. महिन्यापूर्वी ती लेकीच्या फ्रॉकसाठी कापड घेऊन गेली होती. हळदी रंगावर बारीक हिरवे पोपट असलेलं सुती कापड. शिवण नुकतंच शिकलेय, पहिला फ्रॉक स्वतः शिवणार, असं तेव्हा कौतुकाने सांगत होती. सोमवारी आली आणि म्हणाली, तेच कापड हवं.

"काय ताई, लेकीला पोपट आवडलेले दिसतात!" भगवंतराव म्हणाले होते.

ती हसली होती. "हो काका. फार आवडलेत."

मग तिने तागा उलगडायला लावला. दुकानातल्या दिव्यात रंग कळत नाही म्हणून कापडाचं टोक धरून बाहेर पायरीवर गेली आणि उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. "तोच आहे ना काका? अगदी तोच?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. भगवंतरावांनी ताग्याची चिठ्ठी दाखवून खात्री दिली. तिने दीड मीटर घेतलं. आणि मग ती म्हणाली, "ह्याचे सगळ्याचे तळहाताएवढे तुकडे करून द्याल का? कडेची सुतं निघायला नकोत."

सुतं निघू नयेत म्हणून कापडवाल्याकडे दातेरी कात्री असते. ती अक्काच्या मशीनच्या खणात होती. अक्काने ती काढून दिली, कापड धरायला स्वतः उभी राहिली, आणि भगवंतरावांनी ते सगळं कापड कापलं. शेवटची चिंधीसुद्धा. संध्याकाळपर्यंत अंगठ्यावर कात्रीचा वळ होता. ही कशाला तुकडे करून घेते, असं त्यांच्या मनात आलंही, पण दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ते राहून गेलं.

आता हे सगळं त्यांनी नागराजला सांगितलं का? सांगितलं. पहिल्या वेळी सांगितलं. ती हसली, रंग जुळवला, दीड मीटर घेतलं, तुकडे केले.

"तुकडे?" नागराजने कपाळाला आठ्या घातल्या. "तुकडे कशाला?"

"ते काय माहीत?"

रंगात आलेली हकीकत तिथेच लंगडी पडली. नागराज उगाच दुसरीकडे बघायला लागला. दुसऱ्या वेळी, शेजारच्या साडीवाल्याला सांगताना, भगवंतरावांनी तुकड्यांचं सांगितलं नाही. काय झकास रंगली तेव्हा हकीकत! साडीवाला तर उभाच राहिला. तिसऱ्या वेळी सांगताना तुकडे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हते.

चौथ्या वेळी त्यांनी ती फोनवर बोलून आपल्या समाजाच्या ग्रुपवर टाकली. भगवंतरावांना टाइप करायचा कंटाळा, ते नेहमी बोलूनच निरोप पाठवायचे. "मंडळी, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. लेक हरवलेली असताना ही बाई माझ्या दुकानात येऊन हसत होती. पोरीच्या अंगावर जो फ्रॉक होता, अगदी तेच कापड, रंग उन्हात जुळवून, दीड मीटर घेऊन गेली. सात वर्षांच्या पोरीचा फ्रॉक आरामात होतो तेवढ्यात. आता तुम्हीच काय ते समजा."

शेवटच्या वाक्यावर ते स्वतःवरच खूश झाले. आपण आरोप कुठे केला? आपण तर फक्त पाहिलं ते सांगितलं!

तो निरोप ग्रुपातून ग्रुपात गेला. जेवणाच्या वेळेपर्यंत हेब्बाळच्या भाचीचा फोन आला, "मामा, हा तुमचाच आवाज ना?" सकाळी दुकानाच्या पायरीवर कॅमेरा घेऊन एक पोरगा हजर. भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला, मागे चांगले ताग्यांचे रंग दिसतील असे बसले आणि सगळं परत सांगितलं. त्या दिवशी दुकानात माणसांची रीघ लागली. कापड कमी आणि हकीकत जास्त खपली.

आणि त्याच दिवशी जंगलात काय झालं?

शोधणाऱ्या गावकऱ्यांना ओढ्याच्या वरच्या बाजूला, काटेरी झुडपात, कापडाची एक चिंधी अडकलेली सापडली. हळदी रंग, हिरवे पोपट. वीतभर लांब पट्टी. इतक्या दिवसांत सापडलेली ही पहिली खूण! तोवर सगळा शोध खाली नदीत चालला होता. आता माणसं वर ओढ्याकडे वळणार, तोच कोणीतरी फोन पुढे केला. "थांबा थांबा, हे ऐका. तेच कापड आईने परवा चिकपेटेतून विकत आणलंय!"

झालं. आईनेच चिंधी अडकवली, माग चुकवायला, असं ठरलं. श्वेता जीव तोडून सांगत होती, "मी ते शोधणाऱ्यांना वाटायला आणलं हो! प्रत्येकाच्या फोनमध्ये फ्रॉकचा रंग वेगळा दिसत होता. एकाला लिंबू रंग, एकाला भगवा. माणसं पिवळ्या प्लॅस्टिकमागे धावत होती. म्हणून प्रत्येकाच्या हातात खरं कापड दिलं. सगळ्याचे तुकडे केले होते, ह्या एका तुकड्याशिवाय माझ्याकडे काही उरलं नव्हतं!" पण कोण ऐकतो? दुकानदार स्वतः टीव्हीवर सांगत होता, फ्रॉकभर कापड नेलं म्हणून. दुकानदाराला खोटं बोलून काय मिळणार? खोटं बोलली तर आईच बोलणार! पोलिसांनी तिला ठाण्यात नेऊन बसवलं. शहरातून आलेली पोरंपोरी गाड्यांत बसून परत गेली. गावकरी म्हणाले, हत्तींच्या वाटेवर आम्ही जीव घालायचा आणि ही बाई नाटकं करणार? ओढ्याकडे कोणी गेलंच नाही.

गुरुवारी सकाळी नागराजची बायको भाग्यलक्ष्मी फॉल लावायला साडी घेऊन अक्काकडे आली. अक्काने विचारलं, आजकाल दुकानात एवढी गर्दी कसली गं? भाग्यलक्ष्मी म्हणाली, अक्का, तुम्हाला माहीतच नाही? आणि तिने फोन अक्काच्या कानाला लावून तो निरोप ऐकवला.

अक्काने तो एकदा ऐकला. मग म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा ऐकला. मशीनवरून उठली, पुढे आली आणि गादीसमोर उभी राहिली. भगवंतराव दोन बायकांना हीच हकीकत सांगत होते.

"भगवंता, हा तुझा आवाज ना?"

"हो अक्का. बघ ना, कुठच्या कुठे पोचलाय!"

"मग ह्यात कात्री कुठे गेली?"

"कसली कात्री?"

"माझी दातेरी कात्री! मी काढून दिली ना तुला? कापड धरून उभी राहिले, पाय भरून आले माझे. त्या बाईने दीड मीटर नेलं म्हणतोस. तिने काय नेलं? तुकडे नेले. तळहाताएवढे. त्यातनं कुठल्या पोरीचा फ्रॉक होतो रे? सांग की!"

समोरच्या बायका भगवंतरावांकडे बघू लागल्या. त्यांनी मीटरपट्टी उगाच सरळ करून ठेवली.

"अक्का, मी एक शब्द खोटा बोललेलो नाही," ते शेवटी म्हणाले. "ती हसली हे खरं. रंग जुळवला हे खरं. दीड मीटर खरं."

"मी कुठे म्हणते खोटं आहे? सगळं खरं आहे. पण तू खऱ्यातलं अर्धं ठेवलंस आणि अर्धं टाकलंस. आणि टाकलंस ते कुठलं? नेमकं तिच्या बाजूचं! कापड मोजताना कधी असं केलंस का रे? गिऱ्हाइकाला एक वीत कमी दिलंस तर रात्री झोप लागत नाही तुला. मग त्या बाईला एवढं कमी माप कसं दिलंस?"

"सगळेच बोलत होते, अक्का. मी एकटा का?"

"बाकीचे हवेत बोलत होते. तू तिथे होतास! म्हणून तर लोकांनी तुझं खरं मानलं."

"पोलीस आहेत की. ते बघून घेतील."

"पोलिसांना कात्री दिसणार आहे का? ती तुला नि मला ठाऊक." अक्काने गादीवर हात आपटला. "अरे, ती पोर रानात आहे. तिची आई ठाण्यात आहे. आणि तू इथे बसून पेठेला चहा पाजतोयस!"

भगवंतरावांनी आपला अंगठा पाहिला. वळ गेला होता. पण सोमवारची ती दुपार आता लख्ख आठवली. ती उन्हात कापड धरून उभी होती तेव्हा तिचे हात थरथरत होते. हेही त्यांनी पाहिलं होतं, आणि हेही कोणाला सांगितलं नव्हतं. अरे देवा! आपण हे काय करून बसलो!

त्यांनी आधी त्या कॅमेरावाल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "अंकल, आता स्टोरी पुढे गेली. तुकड्यांचं कोण बघणार?" ग्रुपवर नवा निरोप टाकला. खाली दोघांनी हात जोडलेलं चित्र टाकलं, एकाने जुनाच निरोप परत टाकला. पोलीस ठाण्याचा फोन सतत व्यस्त.

"दुकानाचं नाव खराब होईल अण्णा," नागराज हळूच म्हणाला. "चार पिढ्यांचं आहे. राहू दे ना. कळेल हळूहळू."

"त्या बाईच्या नावाचं काय झालं ते दिसत नाही का तुला?" भगवंतराव ओरडले. पेठेने त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "नागराज, तुझी गाडी काढ. मला तिथे जायचंय. आत्ता."

नागराजने पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "सरी अण्णा," आणि किल्ली घ्यायला गेला. तुकडे कशाला, असं विचारून आपणच ती हकीकत लंगडी केली होती, हे त्यालाही आठवलं असावं. अक्का मागच्या सीटवर जाऊन बसली. तिच्या पिशवीत कात्री होती.

शहरातल्या वाहनांनी त्यांचा जीव नकोसा केला. एकेका सिग्नलला भगवंतराव मनात म्हणत होते, पोर जिवंत असू दे. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

ठाणं लहानसं होतं. बाहेर गाड्या, कॅमेरे. आत बाकावर श्वेता बसली होती आणि शेजारी तिचा नवरा शुभंकर, दाढी वाढलेला, जमिनीकडे बघत. श्वेताच्या मुठीत पोपटाच्या कापडाचा एक तुकडा होता. भगवंतरावांना बघून ती उठली नाही, बोलली नाही. त्यांना वाटलं, तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

टेबलाशी ठाण्याचे साहेब होते आणि वनखात्याचे अधिकारी सुधींद्र. भगवंतराव त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. "साहेब, कापड फ्रॉकभर नव्हतं. सगळ्याचे तुकडे मी माझ्या हाताने केले, ह्या कात्रीने. एकही मोठा तुकडा शिल्लक नव्हता. ही बाई खरं बोलत होती. मी अर्धंच सांगितलं."

"आधी का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

भगवंतरावांनी मान खाली घातली. "ते सांगितलं की हकीकत रंगत नव्हती, साहेब."

सुधींद्रांनी कपाटातून पाकीट काढलं आणि झुडपात सापडलेली चिंधी टेबलावर पसरली. श्वेताच्या मुठीतला तुकडा मागून तिच्याशेजारी ठेवला. तुकडा तळहाताएवढा, चारी कडा दातेरी. चिंधी वीतभर लांब, कडेला हाताने घातलेली दुमड, थोडी वेडीवाकडी.

"ही माझी शिवण आहे," श्वेता म्हणाली. "फ्रॉकच्या घेराची. मला तेव्हा सरळ जमत नव्हती. मी कालपासून हेच सांगतेय."

एवढ्याशा तुकड्यातून एवढी लांब पट्टी निघत नाही, हे कळायला कापडवाला लागत नाही. पण बघायला तर हवं! सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून कोणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं. सुधींद्र ताडकन उठले. "म्हणजे पोर खरंच ओढ्याने वर गेलीय!" आणि ते बाहेर धावले. पाठोपाठ शुभंकर धावला. गाड्यांचे दरवाजे धडाधड लागले. नागराजही त्यांच्याबरोबर गेला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं तरी.

ठाण्यात श्वेता, अक्का आणि भगवंतराव उरले. भगवंतराव तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "ताई, मला क्षमा करा असं म्हणायचीही माझी लायकी नाही."

तिने टेबलावरचा आपला तुकडा उचलून घेतला. मग म्हणाली, "काका, पोर हरवल्यापासून माझ्याशी कोणी साधं बोललंच नव्हतं. सगळे प्रश्न विचारायचे. तुमच्या दुकानात आले, तुम्ही मराठीत म्हणालात, लेकीला पोपट आवडलेले दिसतात. मला वाटलं, जुई घरीच आहे. म्हणून हसले मी."

भगवंतराव ढसाढसा रडले. अक्काने श्वेताला जवळ घेतलं, आणि मग तीही रडली. डोळ्यांत पाणी नाही म्हणून जिला लोकांनी दोषी ठरवलं होतं, ती माउली पोटातून कळ येऊन रडली!

उन्हं कलताना फोन आला. जुई सापडली होती. ओढ्याच्या खूप वरच्या अंगाला, खडकाच्या कपारीत, अंगाचं मुटकुळं करून पडलेली. तापाने फणफणलेली, पाय काट्यांनी फाटून सुजलेले, पण जिवंत! पहाटे तंबूबाहेर कुत्र्याचं पिल्लू दिसलं, त्याच्यामागे ती गेली होती. एवढीच गोष्ट. ना लफडं, ना नरबळी, ना नाटक. ओढ्याचं पाणी पिऊन ती तगली होती. डॉक्टर म्हणाले, पायाचं विष अंगात चढायला लागलं होतं, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

चिंधी सापडली त्याच दिवशी लोक वर गेले असते तर तो ताप, त्या जखमा एवढ्या वाढल्या नसत्या. हे भगवंतरावांना कोणी बोलून दाखवलं नाही, बोलायची गरजही नव्हती. जुई कितीतरी आठवडे इस्पितळात होती. अक्का डबा घेऊन जायची. भगवंतराव दाराबाहेर थांबायचे, आत जायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, पोर सापडली, गोष्ट संपली. कुठली संपते! कॅमेरावाल्यांनी पोर सापडल्याचं दाखवलं, कात्रीचं कोणी दाखवलं नाही. तो निरोप अजून फिरत होता. एकदा हुबळीहून आलेल्या गिऱ्हाइकाने भगवंतरावांनाच तो ऐकवला. "ऐकलंत का हो? काय एकेक आया असतात!"

भगवंतरावांनी मीटरपट्टी खाली ठेवली. "हा आवाज माझा आहे. आणि हे अर्धं आहे. बसा, पूर्ण सांगतो." त्यांनी पूर्ण सांगितलं, तुकडे आणि थरथरणारे हातसुद्धा. गिऱ्हाईक कापड न घेताच गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी आलं, त्यालाही सांगितलं. लोक हसायचे, म्हातारा चळला म्हणायचे. पण समोरच्या पायरीवर आता चहाच्या वेळी कोणी तर्क लढवायला लागलं की नागराजच म्हणायचा, "स्वल्प थांब. तू तिथे होतास का? मग कात्री कुठे होती ते तुला काय ठाऊक?" नवख्या माणसाला काही कळायचं नाही, पण पेठ गप्प व्हायची.

उन्हाळा संपता संपता एक दिवस पायरीवर सावली पडली. श्वेता होती. तिचं बोट धरून जुई, जरा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी चढत होती. भगवंतराव उठून उभे राहिले. गिऱ्हाईक कशाला आलंय हे ओळखणारा माणूस, त्याला काही म्हणता काही ओळखता येईना.

"काका, पोपटाचं कापड आहे का अजून?" श्वेताने विचारलं. "हिला तोच फ्रॉक परत हवाय. ऐकतच नाही."

तागा त्यांनी विकायचा बंद करून वर ठेवला होता. तो काढला. अक्काने टोक धरलं. मोजताना भगवंतरावांनी दीड मीटरच्या पुढे चांगलं हातभर सोडलं आणि कापलं. जुईने कापड गालाला लावून बघितलं.

श्वेता पिशवी घेऊन पायरी उतरली, थांबली, मागे वळली. ती हसली नाही, पण रागानेही बोलली नाही. "काका, मी आज येऊन कापड नेलं हे कोणाला सांगायचं असेल तर खुशाल सांगा. फक्त सगळं सांगा."

मंडळी, आपल्यापैकी कोण भगवंतराव नाही? आपणही कोणाच्या तरी दुःखाचं चहाबरोबर तोंडी लावणं करतोच. आपण खोटं बोलत नाही म्हणून निर्धास्त असतो. पण जे गाळलं की गोष्ट रंगते, बहुतेक वेळा तेच कोणाचं तरी निरपराधपण असतं. म्हणून पुढच्या वेळी फोनवर बोट ठेवण्याआधी एवढंच स्वतःला विचारा, माझ्या ह्या सांगण्यात कात्रीचं राहून तर गेलं नाही ना? आणि उत्तर माहीत नसेल तर गप्प बसा. कुठेतरी एखादी आई आपल्या लेकराला शोधत असेल, तिच्या वाटेत निदान आपण उभं राहू नये.